फी नाही म्हणजे सरकारी खर्च जास्त?

पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलांच्या घरी एक समज पक्का असतो. जर्मन सरकार उच्च शिक्षणावर पाण्यासारखा पैसा ओततं, म्हणून तिथे फी नाही. अमेरिकी सरकार हात आखडता घेतं, म्हणून तिथे कर्ज काढावं लागतं. फीपुरतं हे बरंचसं खरं आहे. सरकारी खर्चाबद्दल मात्र साफ चूक.

ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत उच्च शिक्षणावरचा सरकारी पैसा दोन्ही देशांत जीडीपीच्या साधारण १ टक्काच भरतो. खरी तफावत खासगी पैशात आहे. फी, देणग्या वगैरे धरून अमेरिकेचा एकूण खर्च अडीच टक्क्यांच्या घरात जातो, जर्मनीचा सव्वा टक्क्याच्या आसपास थांबतो. शिवाय अमेरिकेचं दरडोई उत्पन्न बरंच जास्त, त्यामुळे तिथला १ टक्का माणशी मोठाच असतो.

मग फी एवढी का? कारण तिथे शिक्षणाचा एकूण खर्चच मोठा आहे. एका विद्यार्थ्यामागे अमेरिकेत जर्मनीच्या दीडपटीहून जास्त पैसा लागतो. वसतिगृहं, मैदानं, समुपदेशक, प्रशासन हे सगळं विद्यापीठच सांभाळतं. जर्मनीत वसतिगृहं आणि ‘मेन्झा’ म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ बहुधा वेगळी संस्था चालवते. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. जर्मनीत सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनाचा मोठा वाटा माक्स प्लांक, फ्राउनहोफर अशा विद्यापीठाबाहेरच्या संस्थांत होतो. तो पैसा विद्यापीठांच्या खात्यावर दिसत नाही.

अमेरिकेत कॉलेज पहिल्यापासून महाग होतं, हेही खरं नाही. न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज १८४७ मध्ये ‘फ्री अकॅडमी’ म्हणून स्थापन झालं. पुढे ते ज्या सिटी युनिव्हर्सिटीचा भाग झालं, तिथे कामगारांच्या आणि स्थलांतरितांच्या पिढ्या फीशिवाय शिकल्या. शहराची तिजोरी रिकामी झाली आणि १९७६ मध्ये फी आली.

कर्जाचा विषय इथे नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकी केंद्र सरकारची विद्यार्थ्यांकडे सुमारे १.६ लाख कोटी डॉलरची येणी आहेत. ती रक्कम सरकारचा खर्च म्हणून मोजणं चुकीचं; ती व्याजासह परत येणं अपेक्षित आहे. न फेडायची मदत म्हणजे पेल ग्रँट, २०२४-२५ मध्ये वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. आपल्याकडेही कर्जयोजना आणि शिष्यवृत्ती यांची रक्कम एकत्र सांगितली जाते, तेव्हा हा फरक विचारायलाच हवा.

जर्मनीतली फीमाफीही काही आभाळातून पडलेली नाही. फीवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने रद्द केला आणि अनेक राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली. विद्यापीठांचा मुख्य खर्च राज्यं उचलतात, त्यामुळे लढाही राज्याराज्यांत झाला. बव्हेरियात जानेवारी २०१३ मध्ये लोकांनी कडाक्याच्या थंडीत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन फीविरोधी मागणीवर सह्या केल्या. दोन आठवड्यांत १० टक्के मतदार हवे होते, त्याहून जास्त आले. त्याच वर्षी फी गेली. सर्वांत शेवटी, २०१४ मध्ये, लोअर सॅक्सनीने ती काढली. लोकांनी सह्या करून फी हटवायला लावली, मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्या मुलांसाठी मात्र ‘फुकट’ हा शब्द जपून वापरावा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला २,००० ते ६,००० युरो फी लावली. शिवाय व्हिसासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. ही फी नव्हे. पैसे आपलेच असतात, महिन्याला ९९२ युरो अशा हप्त्याने परत मिळतात. पण घरच्यांना ही रक्कम एकदम उभी करावी लागते, आणि त्यासाठी इथेही शैक्षणिक कर्ज काढलं जातं.