शहर ओळखावं उकिरड्यावरून

१८८५ साली गिलेर्मो फारिनी नावाचा माणूस बैलगाडीने कलाहारीच्या वाळवंटात शिरला आणि परतल्यावर त्याने सांगितलं, की तिथे वाळूत अर्धवट गाडलेल्या एका प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. भूकंपाने ढासळलेल्या चीनच्या भिंतीसारखी लांबलचक दगडी रांग, तीही कमानीसारखी वळत गेलेली. सपाट बाजूंचे मोठाले चिरे आणि त्यांच्या थरांमधून डोकावणारा चुन्यासारखा लेप. मधल्या भागात फरसबंदी आणि उभ्या खाचा पाडलेल्या खांबाचा बुंधा. बर्लिन आणि लंडनच्या भूगोल संस्थांपुढे त्याने ही हकिकत मांडली, १८८६ मध्ये प्रवासाचं पुस्तकही काढलं. तेव्हापासून ही नगरी शोधायला वीसहून अधिक मोहिमा निघाल्या. नगरी कुणालाच सापडली नाही.

हरवलेल्या शहरांच्या गोष्टींत पुन्हा पुन्हा तेच गैरसमज डोकं वर काढतात. कलाहारीच्या या एका प्रकरणात ते बहुतेक सगळे भेटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गैरसमज: सरळ रेष, काटकोन, सारख्या मापाचे चिरे म्हणजे माणसाचं काम, निसर्गाला एवढी शिस्त कुठली?

उलट दगडाला शिस्त असतेच. दक्षिण आफ्रिकेच्या मोठ्या भागात डोलेराइट नावाचा काळा कठीण खडक आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस आधीच्या खडकांच्या थरांत घुसला आणि जमिनीखालीच थिजला. थंड होताना खडक आकसतो. आकसायला जागा नसली की तडकतो आणि हे तडे वाटेल तसे जात नाहीत. ते थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत उतरतात. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकताना जशा भेगा पडतात तसंच हे, फक्त अवाढव्य प्रमाणावर. एकमेकांना छेदणाऱ्या तड्यांमुळे अखंड खडकाचे आपोआप चौकोनी चिरे होतात. वरची माती झिजून गेली की हे चिरे उघडे पडतात, एकावर एक, थरावर थर.

आता फारिनीने पाहिलेला तो 'चुना' घ्या. कोरड्या प्रदेशात जमिनीतलं पाणी वर येऊन उडून जातं आणि त्यात विरघळलेला चुनखडीचा अंश मागे राहतो. तो फटींमध्ये साचून घट्ट होतो. कलाहारीत अशा चुनखडकाचे थर ठिकठिकाणी आहेत. दोन चिऱ्यांमधल्या फटीत तो दिसला, तर गवंड्याने दर्जा भरल्यात असंच वाटणार. खांबावरच्या खाचांचंही तेच. खडकावरून ओघळणारं पाणी आणि झीज यांनी उभ्या पन्हळी पडतात, त्यासाठी पाथरवट लागत नाही.

ए. जे. क्लेमेंट यांनी १९६४ मध्ये रीटफॉन्टेनजवळच्या आयर्डॉप नावाच्या टेकड्या पाहिल्या. नामिबियाच्या सीमेलगतचा हा भाग. तिथे वाटीसारख्या वळणाने मांडलेल्या डोलेराइटच्या रांगा, थरावर थर रचल्यासारखे चिरे आणि त्यांच्यामध्ये लेप, असं फारिनीच्या वर्णनातलं बरंच काही त्यांना एकाच जागी दिसलं. १९६७ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. फारिनीच्या नकाशातली जागा इथून कितीतरी उत्तरेला आहे, ही अडचण त्यांच्याही लक्षात होती. पण बैलगाडीच्या वेगाने, त्याने सांगितलेल्या दिवसांत, त्याने सांगितलेलं अंतर कापणंच जमत नाही, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे फारिनीने नेमके हेच दगड पाहिले हे शंभर टक्के सिद्ध झालं, असं नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की त्या मुलखात त्याने सांगितलं तसं काहीतरी उभं आहे आणि ते कुणी बांधलेलं नाही. मला हे पुरेसं वाटतं.

खरं तर आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायला नको. आपण लाव्ह्यावरच राहतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे जवळपास ६० मीटर उंचीचा, उभ्या खांबांची मोळी बांधल्यासारखा बसॉल्टचा सुळका. पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला असेच दगडी खांब आहेत. धुळे-नंदुरबारकडे शिलारसाने भरलेल्या जुन्या भेगा आजूबाजूचा खडक झिजल्यामुळे किलोमीटरच्या किलोमीटर भिंतीसारख्या उभ्या राहिल्या आहेत. अनोळखी माणसाला दुरून तो एखाद्या किल्ल्याचा तट वाटला, तर त्याला हसू नये.

गैरसमज: इतक्या लोकांनी इतकी वर्षं शोधलं, म्हणजे काहीतरी असणारच

सांगणारा कोण होता, हे आधी पाहू. फारिनीचं मूळ नाव विल्यम हंट. जन्म अमेरिकेतला, बालपण कॅनडात. १८६० मध्ये तो नायगरावर ताणलेल्या दोरावरून चालला होता, एकदा तर पाठीवर कपडे धुण्याचं यंत्र घेऊन. पुढे लंडनमध्ये त्याने माणसाला तोफेतून उडवण्याचे खेळ केले. त्याच्या दत्तक मुलाने 'लुलू' या नावाने मुलीच्या वेशात कसरती करून भल्याभल्यांना फसवलं होतं आणि हाच लुलू कलाहारीच्या प्रवासात छायाचित्रकार म्हणून बरोबर होता. लोकांना काय बघायला आवडतं हे या बापलेकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मला तो साफ खोटारडा वाटत नाही. त्याने दगड पाहिले असणार आणि सांगताना त्यांना शहराचा साज चढवला असणार.

काळही तसाच होता. रायडर हॅगार्डची 'किंग सॉलोमन्स माइन्स' ही कादंबरी १८८५ मध्येच आली आणि तुफान खपली. आफ्रिकेच्या पोटात सोनं, हिरे आणि विसरलेली राज्यं दडली आहेत, हे ऐकायला युरोपातला वाचक उतावीळ होता. एकदा गोष्ट पसरली की मोहीम मोहिमेला जन्म देते. १९५० च्या दशकात कादंबरीकार अ‍ॅलन पेटन अशाच एका शोधपथकात सामील झाले. त्याच सुमारास कॅनडाहून दक्षिण आफ्रिकेत आलेले जोशुआ हॉल्डमन आपल्या छोट्या विमानातून बायकामुलांना घेऊन हे शहर शोधत कलाहारीवर घिरट्या घालायचे. हे इलॉन मस्क यांचे आजोबा. शोधणाऱ्यांची संख्या पुरावा म्हणून धरायची, तर हे सगळे एकाच पुस्तकाचे वाचक होते हे विसरावं लागेल. पुरावा एकाचाच, बाकीच्यांची त्यावरची श्रद्धा.

गैरसमज: पाण्याखालचं म्हणजे हमखास बुडालेलं नगर

समुद्राखाली हा भ्रम दुप्पट होतो, कारण तिथे फार जणांना जाऊन खात्री करता येत नाही.

जपानच्या पश्चिम टोकाला योनागुनी बेट आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात किहाचिरो अराताके या पाणबुड्याला तिथे पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड दगडी चौथरा दिसला. प्राध्यापक मासाआकी किमुरा यांनी आयुष्यातली बरीच वर्षं तो मानवनिर्मित आहे असं मांडण्यात घालवली. पण तो चौथरा वालुकाश्म आणि पंकाश्म यांच्या आडव्या थरांचा आहे, खालच्या मूळ खडकाशी अखंड जोडलेला. आडवे थर आणि उभे तडे यांच्या रेषांवर लाटा दगड उचकटत गेल्या की पायऱ्या तयार होतात. त्याच बेटाच्या किनाऱ्यावर, उघड्या हवेत, तशाच पायऱ्या चालून पाहता येतात.

बहामातल्या बिमिनी बेटाजवळचा दगडी 'रस्ता' १९६८ मध्ये सापडला. एडगर केसी नावाच्या अमेरिकी भविष्यवेत्त्याने १९४० मध्येच सांगून ठेवलं होतं, की ६८ किंवा ६९ साली अटलांटिसचा काही भाग पुन्हा दिसेल. त्यामुळे बघणारे तयारच बसले होते. सुमारे पाऊण किलोमीटरभर उशांसारखे चुनखडकाचे तुकडे ओळीने मांडल्यासारखे पडलेले. युजीन शिन या भूवैज्ञानिकाने ते वेधून नमुने काढले. युक्ती साधी होती. दगड घडवून आणून बसवले असतील, तर प्रत्येक दगडाच्या आतल्या वाळूच्या थरांचा कल वेगवेगळा हवा. इथे तो एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात सलग, समुद्राकडे उतरत गेला होता. म्हणजे किनाऱ्यावरची वाळू चुन्याने जागच्या जागी घट्ट झाली आणि मग तडकली.

आपल्या शेजारचं उदाहरण खंबातच्या आखाताचं. २००१ मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या सोनार चित्रांत तीसेक मीटर खोल तळावर चौकटी दिसल्या आणि हडप्पाहून जुन्या नगरीच्या बातम्या झळकल्या. तळ खरवडून काढलेल्या वस्तूंत सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं लाकूड होतं. तारीख लाकडाची बरोबर असेलही, पण ती शहराची कशी ठरणार? या आखाताच्या भरती-ओहोटीचा जोर देशात अव्वल. गाळ, लाकूड, खापर कुठून कुठे वाहून जाईल सांगता येत नाही. जागेवर, थरात रुतलेली वस्तू आणि खरवडून वर आलेली वस्तू यांची किंमत पुरातत्त्वात एक नसते.

यातला सगळ्यांत बोलका किस्सा मात्र ग्रीसच्या झाकिन्थोस बेटाचा. तिथे किनाऱ्याजवळ दोन ते पाच मीटर पाण्यात पोहणाऱ्यांना गोल खांबांच्या बैठका आणि फरशा दिसल्या. पुरातत्त्व खात्याचे पाणबुडे उतरले आणि त्यांना खटकलं ते भलतंच: एवढं बांधकाम, पण एक खापर नाही, एक नाणं नाही. मग अथेन्स आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठांच्या अभ्यासकांनी नमुने तपासले. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: समुद्रतळाच्या भेगांतून मिथेन वायू झिरपत होता, त्यावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे भोवतीचा गाळ डोलोमाइट या खनिजाने घट्ट झाला. वायूची वाट अरुंद होती तिथे नळकांडी झाली आणि ती मधून पोकळ असल्याने खांबाच्या बैठकीसारखी दिसू लागली. वय कदाचित पन्नास लाख वर्षांपर्यंत. तेव्हा माणूसच नव्हता.

त्या पाणबुड्यांना जे खटकलं, तीच खरी कसोटी आहे. माणसं राहिली की कचरा होतो. फुटकी मडकी, राख, हाडं, जळकं धान्य, हरवलेला मणी. भिंती पडतात, लोक दगड उचलून नेतात. खापर कुणी नेत नाही आणि ते कुजतही नाही. महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वज्ञांना हे शाळेतल्या पाढ्याइतकं पाठ असतं, कारण इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत दगडी भिंती जवळजवळ नव्हत्याच. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची कित्येक वर्षं खोदलं, तेव्हा मिळाली ती कुडामातीची घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा आणि घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली मुलं. पांढरीच्या टेकाडावर खापरं दिसली की खाली गाव आहे असं समजायचं. तिथे बघण्यासारखी एक भिंत नाही, तरी तीन हजार वर्षांपूर्वी लोक काय खात होते हे सांगता येतं. कलाहारीत म्हणे भिंत आहे, आणि चूल एकही नाही.

पाण्याखालीही हीच कसोटी लागते. इजिप्तच्या अबुकीर उपसागरात फ्रँक गोडियो यांच्या पथकाला २००० साली थोनिस-हेराक्लिऑन मिळालं, तेव्हा शेकडो नांगर, बुडालेली जहाजं, नाणी, मूर्ती आणि शहराचं नाव कोरलेला शिलालेख, असा सगळा संसार गाळात पडलेला होता. तिथे दगडांच्या आकारावरून वाद घालायची वेळच आली नाही.

गैरसमज: मग साऱ्या दंतकथा म्हणजे नुसते दगड

हा शहाण्या लोकांचा गैरसमज. दगडाचं स्पष्टीकरणही पुराव्यानेच पटायला हवं आणि चूक उलट्या बाजूनेही होते. जर्मन प्रवासी कार्ल माउख १८७१ मध्ये ग्रेट झिंबाब्वेला पोचला. अकरा मीटरपर्यंत उंच भिंती, चुना न वापरता रचलेल्या. तुळईच्या लाकडाचा वास त्याला आपल्या पेन्सिलीसारखा वाटला, त्यावरून ते लेबनॉनचं देवदार ठरवलं आणि वास्तू बायबलमधल्या शेबाच्या राणीची म्हणून टाकली. लाकूड स्थानिक झाडाचं होतं. गंमत अशी, की इथला ग्रॅनाइट उन्हाने तापून आणि रात्री निवून पापुद्र्यांसारखा सुटतो, त्यामुळे चिऱ्यांची जाडी निसर्गानेच जवळपास सारखी करून दिली होती. पण रचले ते माणसांनी, आणि ती माणसं तिथलीच होती.

हे ठरलं तेही खापरांवरून. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्सन यांनी थर मोजत खोदलं, तेव्हा भिंतींच्या जोडीने मिळाली ती स्थानिक आफ्रिकी मडकी आणि व्यापारातून आलेले काचमणी. मध्ययुगातलं, आफ्रिकी लोकांचं शहर. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, तेव्हाच्या गोऱ्या सरकारला हे उत्तर सोसत नव्हतं आणि वास्तूंच्या अधिकृत माहितीत परक्या निर्मात्यांची शक्यता ठेवावी म्हणून दबाव येत असे. प्राचीन वास्तूंचे निरीक्षक पीटर गार्लेक यांनी तो मानला नाही. ग्रेट झिंबाब्वेवरचं त्यांचं पुस्तक १९७३ मध्ये निघालं तेव्हा ते देशाबाहेर होते.