परदेशात अडकलात, तर मदत नेमकी कुठून मिळते?

मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना मायदेशी आणलं. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी आहे, असं सांगून एजंटांनी अनेकांना नेलं होतं. प्रत्यक्षात त्यांना मोई नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागानेही ६० हून अधिक भारतीयांची सुटका झाल्याची माहिती दिली आणि एजंटांना अटक केली.

मीरा-भाईंदरमधूनही नोकरीसाठी आखातात किंवा फिरायला थायलंडला अनेक जण जातात. अडचण आलीच, तर काय करायचं?

पहिला फोन कोणाला?

जीवाला धोका असेल, तर आधी स्थानिक पोलीस किंवा रुग्णवाहिका. दूतावासाकडे स्वतःचं पोलीस दल नसतं. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत ११२ हा क्रमांक चालतो. संयुक्त अरब अमिरातीत पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

दूतावास काय करू शकतो?

पासपोर्ट हरवला, तर स्थानिक पोलिसांत तक्रार करून तिची प्रत दूतावासात द्यायची. लगेच परतायचं असेल, तर भारतात येण्यापुरतं 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतं. अटक झाली, तर आपल्या दूतावासाशी संपर्क साधू देण्याची मागणी करता येते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क दिलेला आहे. अगदीच हलाखीत सापडलेल्यांना 'भारतीय समुदाय कल्याण निधी'तून मदत मिळू शकते. पण दूतावास कोणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही. हॉस्पिटलचं बिल तो भरेलच, असंही नाही. म्हणून प्रवास विमा काढणं महत्त्वाचं.

घरच्यांनी काय करायचं?

म्यावाडीसारख्या ठिकाणी पासपोर्ट आणि फोन दोन्ही काढून घेतले जातात. अशा वेळी अडकलेल्या माणसाला तक्रार करणंच शक्य नसतं. ती घरच्यांना करता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदत' पोर्टलवर नातेवाईक तक्रार नोंदवू शकतात आणि ती कुठवर पोहोचली हे पाहू शकतात. एजंटने फसवलं असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यातही जायचं. मीरा-भाईंदरची ठाणी २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतात. एजंटचे मेसेज, पैसे दिल्याच्या पावत्या आणि तिकिटाची प्रत जपून ठेवा. तपास तिथूनच सुरू होतो.

निघण्याआधी काय तपासायचं?

नोकरीसाठी जायचं असेल, तर एजंटची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर पाहता येते. शंका असल्यास प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा टोल फ्री क्रमांक आहे. 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, वर्क व्हिसा तिकडे गेल्यावर करू' असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याची एक प्रत घरी ठेवा. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये सेव्ह करा आणि कागदावरही लिहून ठेवा, कारण फोन हातात असेलच याची खात्री नसते.