बाळंतपण माहेरी, हक्क सासरी

मूल वाढवण्याच्या खर्चाचा काही भार शासनाने उचलावा, या विचारातून कुटुंबांसाठीच्या सामाजिक सुरक्षेच्या योजना उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये १९४६ पासून दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे कुटुंबाला दर आठवड्याला भत्ता मिळू लागला. भारतात मात्र असा सरसकट बालभत्ता नाही, आणि जे मिळते ते गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण, लग्न अशा टप्प्यांना बांधलेले, बरेचसे राज्यागणिक वेगळे असते. हे वेगळेपण कुटुंबाला कसे भोवते, ते तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या मंडलात नीट दिसते. (मंडल म्हणजे तेलंगणातील तालुक्याहून लहान महसुली विभाग.)

शेजारचा किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि नंतर तो नांदेडला जोडला गेला. सरकारी हद्द बदलली तरी या पट्ट्यातील मराठी घरांचा रोटीबेटी व्यवहार काही थांबला नाही.

तेलंगणात १ जानेवारी २०१५ पासून आरोग्यलक्ष्मी योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत बसून एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, त्यात भात, वरण, भाजी, एक अंडे आणि २०० मिलिलिटर दूध असते, तर तीन वर्षांखालील बालकासाठी ‘बालामृतम्’ या पूरक आहाराचे अडीच किलोचे पाकीट दर महिन्याला घरी दिले जाते. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांतही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना याच धर्तीची आहे, त्यामुळे ताटापुरता दोन्हीकडे फार फरक नाही. खरा पेच पैशाच्या योजनांत आहे.

२०१७ मध्ये तेलंगणाने सुरू केलेल्या केसीआर किट योजनेत बाळाचे कपडे, साबण, मच्छरदाणी अशा वस्तूंच्या पेटीबरोबरच मुलगा झाल्यास १२,००० आणि मुलगी झाल्यास १३,००० रुपये चार हप्त्यांत देण्याचे ठरले, मात्र त्यासाठी आई राज्याची रहिवासी आणि प्रसूती राज्यातल्याच सरकारी दवाखान्यात झालेली असावी लागे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मराठी घरांत आजही पाळली जाते. माहेर किनवटकडे असलेल्या सुनेने ती पाळली, की प्रसूतीच्या वेळचा हप्ता (मुलगा झाल्यास ४,००० आणि मुलगी झाल्यास ५,००० रुपये) आणि ती पेटी दोन्ही हातची जात. रीत आणि नियम यांपैकी एकालाच धरता येईल अशी ही अट आखताना सीमेवरची घरे कोणाच्या डोळ्यांपुढे नसावीत.

महाराष्ट्रात जन्म झाला म्हणून तिथला लाभ मिळतो, असेही नाही. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात, पण कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी आणि पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेचे धारक असावे लागते. बाजारहत्नूरच्या कुटुंबाकडे असते ते पांढरे कार्ड: जुन्या आंध्र प्रदेशाच्या काळापासून तेलंगणात पांढरे कार्ड गरिबाचे मानले जाते, तर महाराष्ट्रात तेच सुस्थितीतल्या घराचे. तेलंगणाच्या कल्याणलक्ष्मी योजनेत हिशेब उलटा फिरतो. लग्नासाठीची ही मदत, जी २०१८ पासून १,००,११६ रुपये आहे, वधू तेलंगणाची असेल तर मिळते, म्हणून इकडून किनवटला दिलेल्या लेकीच्या घराला तिचा आधार होतो आणि तिकडून आणलेल्या सुनेच्या माहेराला होत नाही.

केंद्राची प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आईच्या खात्यात थेट जमा करते आणि या पेचातून वाट काढू शकली असती, परंतु आपली स्वतंत्र योजना असल्याने तेलंगणा सुरुवातीची वर्षे तिच्यात सामील झाले नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे बाजारहत्नूरच्या सुनेला आपल्या वाट्याचे धान्य किनवटच्या रास्त भाव दुकानात अंगठा देऊन उचलता येते. राज्याच्या प्रसूती मदतीला मात्र अशी सोय जोडली गेली नाही.