ओळ संपली, कमान नाही

पाश्चात्त्य नोटेशनमध्ये स्वरांच्या वरून किंवा खालून जाणारी कमान म्हणजे स्लर. व्हायोलिनवादक ती पाहतो आणि सगळे स्वर एकाच गजात घेतो. भातखंडे लिपीतही मींड दाखवायला स्वरांवर कमानच येते.

आता अडचण अशी, की कागदाची ओळ संपते आणि स्वरावली चालूच राहते. मग संगीत छापणारं सॉफ्टवेअर कमानीचे दोन तुकडे करतं, आणि खरं कसब इथेच लागतं! पहिला तुकडा शेवटच्या स्वरावर टेकला, तर वादक समजेल स्लर संपला. म्हणून तो त्या स्वराच्या पुढे, ओळीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि टोक स्वराकडे न झुकवता उघडं ठेवायचं. दुसऱ्या तुकड्याला ओळीच्या आरंभी जागाच नसते, कारण तिथे क्लेफ आणि की सिग्नेचर ही चिन्हं बसलेली असतात. त्यांना ओलांडून, पहिल्या स्वराच्या जरासा आधी तो सुरू होतो.

या कमानीमागचं गणित आलंय फ्रान्सच्या मोटार कारखान्यांतून! सिट्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉचे पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या वक्ररेषा आखायला ते वापरलं. एका कमानीला चार बिंदू पुरतात. ती दोन ओळींत तुटली की आठ, तीन ओळींत बारा.

सगळ्यात देखणी युक्ती लिलीपाँडची. दोन डच वादकांनी 1996 मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्यासाठी कितीतरी कमानी मनातल्या मनात काढून बघतं. स्वराला धडकली, दंड. फार तिरकी झाली, दंड. सर्वांत कमी दंडाची कमान कागदावर उतरते. हे कर्ते शिकले जुन्या कारागिरांकडून. हे कारागीर धातूच्या पत्र्यावर उलटं संगीत कोरत. स्वरांची डोकी ठशांनी उमटवत, पण स्लर मात्र हाताने कोरत. बाखच्या चेलो सुइट्सची बेरेनरायटर प्रकाशनाची 1950 ची प्रत लिलीपाँडच्या कर्त्यांनी नमुना म्हणून पुढ्यात ठेवली होती.

तरीही काही कमानी हातानेच सावराव्या लागतात. आणि संगीतकाराने आरंभी दोन बार (तालाचे खंड) वाढवले, की ओळी सरकतात, कमान भलतीकडेच तुटते आणि ती सगळी डागडुजी वाया जाते. म्हणून स्लरना हात लावावा तो ओळी पक्क्या झाल्यावरच.