सायकल शर्यत, सांघिक
रस्त्यावर संघाने खेळावयाचा एक क्रीडाप्रकार. आंतरविद्यापीठीय स्पर्धांतही त्याचा समावेश असतो. कोल्हापूरहून कळंब्यावरून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या मोकळ्या मार्गावर सायकलपटूला मुख्यतः हवेच्या रोधाशी झुंजावे लागते. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढील सायकलपटूच्या आडोशाने तो बराच कमी होतो. म्हणून संघातील स्पर्धक एकामागोमाग राहून आळीपाळीने आघाडी घेतात. ऑलिंपिक सामन्यांत १९६०–९२ या काळात चौघांच्या संघाची सुमारे १०० किमी. अंतराची शर्यत होत असे. तीत तिसऱ्या स्पर्धकाची वेळ संघाची वेळ मानली जाई. त्यामुळे दमलेल्या सहकाऱ्यास सांभाळणे अपरिहार्य ठरे. एकत्रित प्रारंभाच्या शर्यतीत मात्र सहकाऱ्यासाठी वारा अंगावर घेणाऱ्याचे नाव विजेत्यांत सहसा येत नाही.