नळातला गाळ नव्हे, भिंतीतली सूज

खडेबाजारातल्या कापडदुकानात गादीवर बसलेले मामा खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढतात. "कोलेस्टेरॉल नॉर्मल हाय. आता ब्लॉकेज कुठलं?" म्हणत त्याच हातानं बिडी पेटवतात.

नळात गाळ बसावा तशी नसेत चरबी बसते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाठ धमनीच्या भिंतीच्या आत वाढते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण अस्तराखाली शिरतात, तिथंच अडकून बिघडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात, गिळून गिळून फेसासारख्या फुगतात आणि जागीच मरतात. मेलेल्या पेशी आणि चरबी यांचा लगदा होतो, वर पातळ साय धरते. या झटापटीतून आलेल्या सुजेनं ती साय झिजून फाटली की रक्त गोठतं आणि झटका येतो. नस निम्मीसुद्धा अरुंद झालेली नसताना माणूस कोसळतो, तो यामुळं.

यात सुजेचा हात आहे, हे जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशॉ यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं. भक्कम पुरावा मिळाला 2017 साली. आधी झटका येऊन गेलेल्या 10 हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब हे फक्त सूज दाबणारं औषध वापरलं. कोलेस्टेरॉल उतरलं नाही, तरी झटका, पक्षाघात, हृदयविकाराचा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्के घटलं. मात्र जंतुसंसर्गानं दगावणारे थोडे वाढले. 'प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घ्या, नसा साफ होतील' हे म्हणूनच मला पटत नाही. इथं तीच शक्ती भलत्या जागी लढत असते. पण कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. भांडण पेटतं एलडीएलमुळंच.

सूज दाबणारं आणखी एक औषध, गाउट या सांधेदुखीवरचं जुनं कोल्चिसिन, अगदी कमी मात्रेत हृदयरोगासाठी द्यायला अमेरिकेत 2023 साली मंजुरी मिळाली. ते द्रव्य आपल्या रानातल्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. तिचा कंद कुणी उगाळून घेऊ नये, जीव जातो.

आणि बिडी. निपाणीच्या तंबाखूवर त्या भागातली कितीतरी घरं चालली, हे खरं. पण 'कागद नाही, पान आहे, म्हणून सौम्य' हे साफ खोटं. बिडीच्या धुरानं अस्तर दुखावतं, पांढऱ्या पेशी तिथं चिकटतात, आणि रिपोर्टात कोलेस्टेरॉल नॉर्मलच दिसतं. मामांनी आज बिडी सोडली, तर तिनं वाढवलेला धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येईल.