माळ्यावरचा प्लेट कॅमेरा: लाखमोलाचा की शोभेचा?

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या एखाद्या जुन्या स्टुडिओच्या माळ्यावरून काळ्या फडक्याचा लाकडी कॅमेरा खाली उतरला, की घरात लाखांचे आकडे सुरू होतात. आधार एवढाच, की तो आजोबांच्या वेळचा आहे.

नुसत्या जुनेपणाला बाजार भाव देत नाही. 1871मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी फोटोसाठीच्या जिलेटिनच्या कोरड्या काचेच्या प्लेटची कृती प्रसिद्ध केली. पुढे तयार प्लेटा मिळू लागल्या आणि इंग्लंडमधल्या लँकेस्टर, थॉर्नटन-पिकार्ड अशा कंपन्यांनी ‘हाफ प्लेट’ मापाचे कॅमेरे धडाक्याने विकले. ते आजही भरपूर शिल्लक आहेत. शिवाय सगळेच विलायती नसतात. केरळमधल्या आलेप्पीचा ‘वागीश्वरी’ 1940च्या दशकातला, दिसायला मात्र थेट व्हिक्टोरियाच्या काळातला! म्हणून आधी बनवणाऱ्याच्या नावाची पाटी शोधा.

त्याहून महत्त्वाचं भिंग. पुष्कळदा खरी किंमत त्याचीच असते. पितळी नळीवर डालमायर, रॉस किंवा फोइग्टलेंडर हे नाव आणि अनुक्रमांक कोरलेला असेल, तर त्यावरून साल बरंचसं ठरवता येतं. ओल्या प्लेटवर फोटो काढणारे हौशी लोक आजही अशी भिंगं वापरायलाच घेतात. भिंग, दुधी काच आणि प्लेट होल्डर हरवलेली पेटी दिवाणखान्यात ठेवायला छान, इतकंच.

विकण्याआधी पितळ घासून लखलखीत करणं, लाकडाला नवं पॉलिश मारणं, चामड्याचा भाता काढून रेक्झिनचा बसवणं, या हौसेने भाव उतरतो. संग्राहकाला मूळ लॅकर आणि मूळ भाता हवा असतो. धूळ मऊ ब्रशने झटका, वाळवी आहे का बघा आणि थांबा.

इंटरनेटवरचा आकडा ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. झालेल्या लिलावातले भाव बघावेत. 2007मध्ये व्हिएन्नात एक कॅमेरा सुमारे 5 लाख 88 हजार युरोंना गेला खरा, पण तो सुस फ्रेर कंपनीचा 1839चा डॅगेरोटाइप कॅमेरा होता. हाफ प्लेटला तो हिशोब लावू नये.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी जपून. 1972च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांपूर्वीच्या विज्ञान-कलाविषयक वस्तूही येतात आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्यावा लागतो.

सगळ्यात मोठा गैरसमज कॅमेऱ्याशेजारच्या खोक्याबद्दल आहे. त्यातल्या काचेच्या निगेटिव्ह कवडीमोल समजून भंगारात जातात. हिंगोली 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्याच राज्यातल्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. तुमच्या खोक्यात दीनदयाळ नसतील, पण गावचा जुना बाजार, दसरा, लग्नाची वरात असू शकते, आणि त्या काचेची दुसरी प्रत कुठेच नसते. कॅमेरा विकायचा तर विका. काचा आधी स्कॅन करून घ्या.